समोर समुद्र, हातात 26 लाख: हेदवीजवळच्या एका घराच्या नोंदी

12 नोव्हेंबर 2022

जागा पाहून आले. गुहागर तालुक्यात हेदवीच्या पुढे, सड्यावरून (जांभ्याच्या कातळी पठारावरून) समुद्राकडे उतरणारी साडेचार गुंठे, ज्यांचं घर करायचंय त्या भाऊंच्या वाटणीला आलेली. भाऊ एसटीत मेकॅनिक होते, आता निवृत्त झालेत. घरात ते, वहिनी, त्यांची आई. मुलगा चिपळूणला नोकरीला, मुलगी रत्नागिरीत शिकते, सुट्टीला दोघं येतात. सध्याचं घर खाली वाडीत, माडांच्या गर्दीत आहे. तिथे रात्रभर गाज ऐकू येते, पण समुद्र दिसत नाही. आजी म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय नुसती. आता बघायचा आहे."

पैसे: फंड, ग्रॅच्युइटी आणि थोडं कर्ज मिळून 26 लाख. त्यात घर, संडास-न्हाणी, पाणी, वीज, सगळं. माझी, म्हणजे आर्किटेक्टची, फी यातच.

मुलाने मोबाईलवर फोटो दाखवले, जमिनीपासून छपरापर्यंत काच असलेली घरं. सुंदर आहेत. पण ती बहुतेक कोरड्या हवेतली आहेत. इथे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो समुद्राच्याच दिशेने येतो. दुपारचं ऊन त्याच दिशेने, खारा वाराही त्याच दिशेने. जिकडे बघायचं आहे तिकडूनच घराला सगळा त्रास होणार. या घराची रचना म्हणजे या एका गोष्टीचा निकाल लावणं, बाकी सारं त्यानंतर.

15 नोव्हेंबर

कागदपत्रं. भरतीरेषेपासून जागा साधारण 700 मीटर आत आहे, म्हणजे सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) 500 मीटरच्या पट्ट्याबाहेर. खाली किनाऱ्यालगत असती तर उंचीपासून वापरापर्यंत अटी लागल्या असत्या. मोजणीचा नकाशा आणि अकृषिक वापराचं बघायचं आहे. ते भाऊंनी अंगावर घेतलंय.

27 नोव्हेंबर

उंची मोजली. घराच्या संभाव्य जागेची जमीन समुद्रसपाटीपासून साधारण 60 मीटर. एवढ्या उंचीवरून क्षितिज सुमारे 28 किलोमीटरवर असतं. जयगडकडे जाणारी जहाजं उघड्या डोळ्यांनी दिसतात.

खालच्या अंगाला शेजाऱ्यांची हापूसची बाग आहे. आज कलमांचे शेंडे समुद्राच्या खालच्या कडेला जेमतेम शिवतात. अजून 3 मीटर वाढली की खालच्या टोकाला बांधलेल्या घरातून बसल्या जागी क्षितिज झाकलं जाईल. भाऊंचा विचार होता की घर पुढे, उताराच्या कडेला घ्यावं, "जितकं जवळ तितका समुद्र मोठा". प्रत्यक्षात उलट आहे. जमीन पाचाला एक या उताराची आहे. घर 10 मीटर मागे सरकवलं की फुकटात 2 मीटर उंची मिळते. तीच उंची जोतं उचलून मिळवायची तर भरावात आणि आधारभिंतीत दोन-अडीच लाख गेले असते. शिवाय मागे गेल्याने रस्त्यापासूनची पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) निम्मी होते आणि चिरे वाहून नेण्याची मजुरी कमी होते.

शेजाऱ्यांशी बोलणं झालं. माणूस समजूतदार आहे. जुन्या कलमांची छाटणी करून पुनरुज्जीवन करायचं त्यांच्याही मनात आहे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची तशी पद्धतच आहे. ते करोत, न करोत, घर त्यावर अवलंबून ठेवणार नाही.

21 डिसेंबर

वर्षातला सर्वांत लहान दिवस, मुद्दाम संध्याकाळी जागेवर थांबले. सूर्य पश्चिमेच्या 25 अंश दक्षिणेला, सहाच्या सुमारास, कड्याच्या टोकाच्या जरा उजवीकडे पाण्यात गेला. जूनमध्ये तो तितकाच उत्तरेला जाईल, पण तेव्हा ढगांमुळे दिसणार नाही. म्हणजे मावळती बघण्याचे महिने ऑक्टोबर ते मे. घराचं तोंड सरळ पश्चिमेला ठेवते. नैऋत्येकडे वळवलं तर हिवाळ्यात छान, पण आषाढात झड थेट घरात.

8 जानेवारी 2023

आज वहिनींनी आराखडा बदलला, आणि बरं झालं.

मी बसायची खोली मध्ये, स्वयंपाकघर मागे पूर्वेला असं काढलं होतं. कागद बघून त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, समुद्र बघणार कोण? पाहुणे? मी तर दिवसभर ओट्याशी उभी."

घरात ज्याचा वेळ जिथे जातो तिथून समुद्र दिसला पाहिजे. पाच माणसांचा दिवस लिहून काढला. आजी बहुतेक पडून किंवा टेकून असतात. वहिनी ओट्याशी उभ्या. भाऊ सकाळ-संध्याकाळ पडवीत. मुलं सुट्टीपुरती, ती कुठेही बसतील. निजायच्या खोल्यांतून रात्री समुद्र दिसतच नाही, तिथे त्याच्यासाठी एक रुपयाही घालायचा नाही.

नवा आराखडा: पश्चिमेच्या रांगेत उत्तरेला स्वयंपाकघर (10 फूट), मध्ये बसायची खोली (14 फूट), दक्षिणेला कोठी (8 फूट). मागच्या रांगेत दोन खोल्या आणि न्हाणी-संडास. एकूण 32 बाय 30, म्हणजे 960 चौरस फूट. स्वयंपाकघर आणि बसायची खोली यांच्यापुढे 24 फूट लांब पडवी. कोठी मात्र 6 फूट पुढे, पडवीच्या खांबांच्या रेषेपर्यंत आणलीय. तिला पश्चिमेला आणि दक्षिणेला एकही खिडकी नाही, नुसती चिऱ्याची भिंत. नैऋत्येचा मारा ती अंगावर घेईल आणि तिच्या आडोशाला पडवी राहील. तांदूळ, नारळ, जळण, सगळं तिच्यात. वास्तूच्या हिशेबानेही नैऋत्येला जड वस्तू चालतात, त्यामुळे भाऊंचं समाधान आपोआप झालं.

22 जानेवारी

छेद काढला, म्हणजे घर उभं कापल्यावर दिसेल ते चित्र. या घरात नकाशापेक्षा छेद महत्त्वाचा आहे, इथे सविस्तर लिहून ठेवते.

क्षितिज नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर दिसतं. बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून 3 फूट 9 इंचांवर, म्हणून त्याचं क्षितिज खिडकीच्या त्याच उंचीला. उभ्या माणसाचं 5 फुटांच्या आसपास. पडलेल्या आजींचं 2 फूट 2 इंचांवर. समुद्र दिसायला काचेची उंची लागते ती एवढ्याच पट्ट्यात. त्याच्या वरची सगळी काच फक्त आकाश दाखवते, आणि दुपारचं ऊन आत घेते.

म्हणून छप्पर खाली आणता येतं. भिंतीवर वासा 10 फुटांवर, उतार 26 अंश, पडवी खांबापर्यंत 6 फूट आणि पागोळी 1 फूट पुढे. पागोळीची कड आतल्या जमिनीपासून 6 फूट 7 इंचांवर येते. पडवीची जमीन एक पायरी खाली, त्यामुळे डोकं आपटत नाही. भिंतीपासून 5 फूट आत खुर्ची टाकून बसलं, तर क्षितिजाच्या वर 13 अंश आकाश दिसतं. ते पुरेसं आहे. सूर्य त्या 13 अंशांच्या खाली येतो मावळतीच्या आधीच्या साधारण तासाभरात, म्हणजे जेव्हा तो बघावासा वाटतो तेव्हाच.

भाऊंना वाटत होतं की ठेंगणं छप्पर म्हणजे समुद्र झाकला. दोन बांबू रोवले, वर 6 फूट 7 इंचांवर आडवा बांबू बांधला, मागे खुर्ची ठेवली आणि त्यांना बसवलं. ते बराच वेळ उठले नाहीत. मग आजींसाठी बाज टाकून पाहिली. पडवीच्या कडेचा बसायचा कट्टा आतल्या जमिनीपासून 10 इंचांच्या वर जाऊ द्यायचा नाही आणि खिडकीची बैठक 1 फूट 6 इंच ठेवायची, म्हणजे पडल्या पडल्या क्षितिजाखालचा 6 अंशांचा पाण्याचा पट्टा मिळतो.

5 फेब्रुवारी

अंदाजपत्रक. आरसीसीचा (सळी घातलेल्या काँक्रीटचा) सांगाडा आणि स्लॅब काढून टाकला. भिंती भार घेणाऱ्या, जांभ्याच्या. आमच्याकडचा चिरा साधारण 14 इंच लांब, 9 रुंद, 7 उंच. आतून गिलावा, बाहेरून फक्त दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) भरायच्या. वर लाकडी वासे आणि मंगलोरी कौलं.

हे फक्त पैशासाठी नाही. किनाऱ्यालगत घर खराब होतं ते बहुधा सळीपासून. खारी हवा काँक्रीटमधून सळीपर्यंत पोचली की सळी गंजते, फुगते आणि स्लॅबचे पापुद्रे पडतात. जेवढी सळी कमी तेवढी पुढची चिंता कमी. लागणार ती तीन पट्ट्यांत: जोत्यावर, लिंटलला (दार-खिडक्यांच्या माथ्याशी) आणि भिंतीच्या माथ्यावर. कोयना लांब नाही, 11 डिसेंबर 1967 चा भूकंप आजींना आठवतो. हे पट्टे वगळायचे नाहीत.

3 मार्च

खणाई सुरू. दोन फुटांवर जांभा लागला, पाया स्वस्तात सुटला.

19 मार्च

वाळू आणि पाणी, दोन्हींवर आज वाद झाला. पुरवठादार खाडीची वाळू द्यायला तयार, क्रश सँडपेक्षा (दगड भरडून केलेल्या वाळूपेक्षा) बरीच स्वस्त. नको म्हटलं. तिच्यात मीठ असतं, ते सळीशेजारी आपण स्वतःच्या हाताने कालवायचं. टँकरचं पाणी ज्या विहिरीतून येतं तिचा नमुना तपासायला दिला. आरसीसीसाठी क्लोराईडची मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे.

2 एप्रिल

पाण्याचा अहवाल चांगला आला. जोत्याचा पट्टा ओतला. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस 456 मध्ये, किनारी हवेला उघड्या काँक्रीटसाठी एम 30 ही प्रत आणि सळीवर 45 मिलिमीटर आवरण सांगितलंय. मिस्त्रींची सवय इंचभराची, तीही सळीखाली खडीचा तुकडा सरकवून. सिमेंटचे 45 मिलिमीटरचे ठोकळे आधीच पाडून घेतले होते, मोजून लावले. मिस्त्रींना कारण पटावं म्हणून वाडीतल्या एका स्लॅबखाली घेऊन गेले. सळ्या उघड्या, हाताने पापुद्रा निघतो. पाहून ते म्हणाले, "हा मीच घातलाय, पंधरा वर्षं झाली." त्यानंतर ठोकळ्यांवर स्वतः लक्ष ठेवतायत.

28 मे

जोतं पुरं झालं. काम थांबवलं. पैशाचा दुसरा हप्ता दिवाळीनंतर आहे, आणि घाईने भिंती उभ्या करून पावसात उघड्या ठेवण्यात अर्थ नाही. जोत्यावर सामानासाठी एक छोटी शेड केली, पश्चिमेची बाजू मुद्दाम उघडी ठेवून.

12 जून

मान्सून काल रत्नागिरीपर्यंत पोचला. बाहेर अरबी समुद्रात 'बिपरजॉय' चक्रीवादळ आहे, आपल्यापासून दूर, गुजरातकडे निघालेलं. तरी लाटा खूप उंच. जागेवरून खाली पाहिलं तर खडकांवरून फेस वर उडत होता. बामणघळीत, हेदवीच्या किनाऱ्यावरच्या खडकातल्या घळीत, आज काय चाललं असेल! सगळे 2020 च्या 'निसर्ग' वादळाबद्दल बोलत होते. 3 जूनला दापोली, मंडणगडकडे पत्रे उडाले, कौलं फुटली, पोफळी-माड आडवे झाले. कौलांच्या बांधणीचा तपशील आजच लिहून ठेवला: पागोळीच्या दोन ओळी, कडेच्या ओळी आणि कोन्याजवळची (छपराच्या माथ्याच्या कौलांजवळची) कौलं स्टेनलेस तारेने रिपेला बांधायची, कोने चुन्या-सिमेंटात बसवायचे, वासे माथ्याच्या पट्ट्यात सोडलेल्या पट्ट्यांना बोल्ट करायचे.

16 जुलै

शेड कामाला आली. आत मातीवर ओली रेघ स्पष्ट दिसते: उघड्या बाजूपासून 8 फूट आतपर्यंत झड पोचलीय. म्हणजे 6 फुटांची पडवी जुलैत आतली भिंत कोरडी ठेवणार नाही. पडवी 9 फूट केली तर छप्पर आणखी दीड फूट खाली येईल, उभ्या माणसाचं क्षितिजच कापलं जाईल. वाढवायची नाही. वाडीतली जुनी घरं जे करतात तेच करायचं, आगोटीला (पावसाच्या तोंडावर) पडवीला झापं बांधायची. माडाच्या झावळ्या घरच्याच, विणायला वहिनींचा हात सराईत. चार फुटी बांबूच्या चौकटी करून पडवीच्या तुळईला आकडे ठेवते, म्हणजे दरवर्षी बांधाबांध नको. जोराच्या दिवसांत लावायच्या, उघडीप पडली की दोनेक काढायच्या.

वर्षातले दोन-अडीच महिने समुद्र अर्धा झाकलेला राहील. हे मी भाऊंना स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "त्या दिवसांत त्याच्याकडे कोण बघतंय, आम्ही लावणीत असतो."

26 नोव्हेंबर

दिवाळी झाली, काम पुन्हा सुरू. चिरा जागेवर पोच 41 रुपये. खाणीवरून आलेल्या पहिल्या गाडीत मऊ, पिवळट चिरे बरेच होते. नखाने ओरखडा पडतो असे सगळे परत केले. कोठीच्या भिंतीला निवडक, गडद तांबडे.

15 जानेवारी 2024

भिंती लिंटलला पोचल्या. मधल्या खोलीचा 12 फुटांचा मोकळा गाळा पहिल्यांदा चौकटीसारखा दिसला. संक्रांतीचे तिळगूळ तिथेच वाटले.

4 फेब्रुवारी

लाकूड. चिपळूणकडे एक जुनं घर उतरवलं, त्यातले सागाचे वासे, दोन तुळया आणि चौकटीचा माल एकगठ्ठा घेतला. नव्या सागाच्या निम्म्याहून कमी पैसे पडले. सुतारदादांनी एकेक वासा रंध्याखाली घालून पाहिला. वरचा काळा थर गेला की आत लाकूड तुपासारखं पिवळं. चार वाश्यांना वाळवी होती, ते जळणात. कमी पडला तो माल आईनाचा.

3 मार्च

12 फुटांच्या गाळ्याचा निर्णय. यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) सरकत्या दारांचं दरपत्रक 75,000 च्या आसपास. त्यात निम्मी जागाच उघडते, आणि खालच्या खाचेत मीठ-वाळू बसली की चाकं धरतात. त्याऐवजी तीन भाग: उत्तरेला 3 फुटी दार, मध्ये 6 फूट रुंद आणि साडेपाच फूट उंच अचल काच, दक्षिणेला 3 फुटी झडपांची खिडकी. अचल काचेला खाच नाही, बिजागरी नाही, गळती नाही. वारा दारा-खिडकीतून यावा, समुद्र काचेतून दिसावा. दोन्ही कामं एकाच वस्तूवर लादली की ती महाग होते. काच, चौकट, मजुरी धरून सगळा गाळा 34,000 त बसतोय.

पडवी असल्यामुळे काच बाहेरून पुसता येते. हे लहान वाटतं, पण खाऱ्या हवेत आठवड्यात काचेवर धुरकट थर चढतो. ज्या काचेपर्यंत हात पोचत नाही तिच्यातून वर्षभराने समुद्र दिसत नाही.

17 मार्च

खिडकीचे गज. सुताराच्या नेहमीच्या पद्धतीने उभे गज आणि मधोमध एक आडवी पट्टी. चौकट जमिनीवर आडवी होती तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. उभी केली आणि खुर्चीवर बसून पाहिलं, तर अडीच इंचांच्या पट्टीने क्षितिज पूर्ण गिळलं होतं. पट्टी काढून दोन केल्या, एक 2 फूट 10 इंचांवर, दुसरी 6 फुटांवर. बसणाऱ्याची आणि उभ्या राहणाऱ्याची, दोन्ही क्षितिजं मोकळी झाली. खर्च शून्य. गज 316 प्रतीच्या स्टेनलेसचे घेतले. नऊच आहेत, परवडतात. छपराखालच्या लोखंडाला पावसाचं पाणी लागत नाही म्हणून ते सुरक्षित, असा समज आहे. खरं तर पाऊस मीठ धुऊन नेतो. आडोशाला ते साचत राहतं. गजांवरून महिन्यातून एकदा गोड्या पाण्याचं फडकं फिरवायला सांगितलंय.

7 एप्रिल

काच आली. 8 मिलिमीटर टफन्ड, साठ किलोच्या वर. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, म्हणून चौकट भिंतीत पक्की झाल्यावर, दोन्ही कर्ण मोजून मगच माप दिलं होतं. चौघांनी गोणपाटात गुंडाळून पाखाडीवरून उतरवली, पाचवा पुढे दगड बाजूला करत. भाऊ सबंध वेळ "सावकाश, सावकाश" म्हणत मागे. बसली, सगळीकडे सारखी फट. रबर आणि लाकडी पट्ट्या लावल्यावर वहिनींनी पहिल्यांदा आपल्या खिडकीकडे जाऊन पाहिलं. ओटा उत्तरेच्या भिंतीला आहे, पश्चिमेची खिडकी डाव्या हाताला, सिंकच्या वर. भांडी घासताना थेट समोर समुद्र. त्यांनी नळ सोडून, उभं राहून खात्री करून घेतली.

10 मे

अक्षय्य तृतीया, गृहप्रवेश. पूजा झाली, गुरुजी जेवले. आजींची बाज ठरल्या जागी टाकली. त्या आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "जरा उजवीकडे घ्या." वीतभर सरकवली. "आता ठीक." कट्ट्याची 10 इंचांची उंची बरोबर ठरली.

23 जून

पावसाचा पहिला जोर होऊन गेल्यावर पाहणी. कोठीच्या नैऋत्य कोपऱ्यात आतून ओल, दोन दर्जांमधून. बाकी भिंत कोरडी. दर्जा पाऊस संपल्यावर खोदून पुन्हा भरायच्या आणि त्या दोन बाजूंना बाहेरून सिलेनचा (पाणी मुरू न देणाऱ्या द्रवाचा) हात द्यायचा. तोवर वहिनींनी तांदळाची कणगी अलीकडे घेतलीय. कौलं एकही हललं नाही. माकडांनी मात्र मागच्या बाजूची फोडली, पन्नास जादा घेऊन ठेवली होती ती कामी आली. झापांच्या सहा चौकटींपैकी दक्षिणेकडच्या चार लावल्या आहेत, उत्तरेच्या दोन मोकळ्या. काचेवर झड क्वचितच पोचते.

हिशेब: 27 लाख 30 हजार. वाढलेले बहुतेक विहिरीपासूनच्या पाइपलाइनमध्ये आणि पंपात गेले, घरात नाही. समुद्रासाठी म्हणून जे वेगळं केलं (गाळा, काच, स्टेनलेसचे गज, पडवीच्या चौकटी) त्याची बेरीज 60,000 च्या आत.

राहिलेलं: कोठीच्या दर्जा, न्हाणीच्या मागची मोरी, पावसाच्या पाण्याची टाकी. टाकीची जागा घराच्या खालच्या अंगाला धरलीय. तिचा माथा कट्ट्याच्या वर येता कामा नये, आखणीच्या दिवशी पाण्याची नळी लावून पातळी स्वतः बघायची. गवंडी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मोकळे आहेत.